शिळाछापाच्या अडतीस पोथ्या

वजीरभाई, त्यांचे करीम, करीमचे अजीम आणि अजीमचा हा मेहमूद. शिरूरच्या आमच्या वाचनालयाची पुस्तके चार पिढ्या यांनीच बांधली. म्हणूनच त्याचा नकार मला अधिक झोंबला.

१९९८ साली तपासनीस यायचे होते. दुर्मिळ ग्रंथांच्या कपाटात दीडशे वर्षांपूर्वी दगडावरून छापलेल्या अडतीस पोथ्या होत्या. सुटी पाने, लाल फडक्यांत गुंडाळलेली. ते गाठोडे दाखवायची मला लाज वाटली. अध्यक्ष या नात्याने मी फर्मावले की, पोथ्यांना पुठ्ठ्याची बांधणी करावी.

"पोथी शिवायची नसती, बाईसाहेब," मेहमूद म्हणाला.

तो कारण सांगू लागला. मी ऐकले नाही. "तुझ्या पणजोबाला दुकानाची जागा माझ्या आजेसासऱ्यांनी फुकट दिली, हे विसरू नकोस," असे मात्र सुनावले. तो उठून गेला. पोथ्या मी दौंडच्या एका छापखान्यात धाडल्या.

बांधणी देखणी झाली. तपासनिसांनी पहिले पान वाचून उलटले आणि पुस्तक उलटे धरले. पुढच्या पानाला पुन्हा सुलटे. गाडीचे चाक फिरवावे तसे त्यांचे चालले होते. पोथीचे पान खालून वर उलटतात, मागची बाजू त्याच बेताने छापलेली असते. डावीकडे शिवल्यामुळे एकाआड एक पान डोक्यावर उभे राहिले होते. लहानपणापासून पोथी वाचत आलेल्या मला हे सुचले नव्हते.

दौंडला फोन केला. "बाई, बुक डावीकडंच शिवत्यात," मालक म्हणाला. शिवण सोडवावी तर सरसाने चिकटलेला कागद फाटे. पुण्याहून बोलावलेल्या दोघा बांधणी कारागिरांनीही हात टेकले.

अखेर मी मेहमूदच्या दुकानाची पायरी चढले. त्याने पोथ्या ठेवून घेतल्या. चौदा महिने तो ओल्या फडक्याने सरस भिजवून एकेक पान मोकळे करीत राहिला. उशिराबद्दल मी तेव्हाही त्याला बोललेच.

"कागद म्हातारा हाय, बाईसाहेब. दमानं घ्यावं लागतंय."

शेवटची पोथी पुन्हा लाल फडक्यात बांधून त्याने माझ्यासमोर ठेवली. मी मजुरी विचारली.

"मजुरी न्हाई," तो म्हणाला. "तुमच्या जागेचं समदं फिटलं आज."

आठवड्याने तो दुकान रिकामे करून न्हावऱ्याला लेकीकडे कायमचा राहायला गेला. मी जागा पाहायला गेले. केर काढून फरशी पुसलेली होती. पुस्तके दाबण्याचा लोखंडी शिकंजा चार पिढ्या जिथे उभा होता, तिथली फरशी तेवढी न झिजलेली, नवी होती.