चादरीखालचा हात

माझे वडील लूथर क्रिमिन्स अठ्ठावीस वर्षं रंगमंचावर पडत होते. शिकागोपासून सॅक्रामेंटोपर्यंत, दिवसाला दोन खेळ, हातात बशांची उतरंड. बशा थरथरायच्या, पण एकही फुटायची नाही. पडायचे ते स्वतः. मग बशा पोटावर तोलून ते मेल्यासारखे पडून राहायचे. त्यांचे नियम दोनच: हशा पूर्ण विरेपर्यंत पापणी हलवायची नाही, आणि एका गमतीवर एकदाच हशा घेऊन सोडायचं नाही, तीच वाढवत तीनदा घ्यायचा.

बोलपट आले आणि असे खेळ करणारी थिएटरं बंद पडली. वडील लॉस एंजेलिसला एका स्टुडिओत सहा-सहा महिन्यांच्या करारावर लागले. बटलर, झिंगलेला न्यायाधीश, लिफ्टवाला. दोन वाक्यं आणि तो लांबट चेहरा. सुरुवातीला ते प्रत्येक वाक्यानंतर हशासाठी थांबायचे. सेटवर तर कोणी खोकतही नाही. दिग्दर्शक म्हणाला, "क्रिमिन्स, गाडीची वाट बघताय का?" मग त्यांनी थांबणं सोडलं. सहा वर्षांत त्यांच्यासमोर कोणी हसलं नव्हतं.

त्या वर्षी मार्चमध्ये त्यांचा डावा हात थरथरू लागला. मी औषधांच्या दुकानात औषधं तयार करते. मला या आजाराचं नाव माहीत होतं. हा कंप विचित्र असतो. हात कामात असला की दबतो, मोकळा ठेवला की सुरू होतो. झोपेत पूर्ण थांबतो. वडिलांनी हाताला सतत काम दिलं: हॅट, ट्रे, छडी. स्टुडिओत कोणाला कळलं नाही. कळलं असतं तर जूनमध्ये करार वाढला नसता, आणि कामावाचून ते काय आहेत हे त्यांना माहीत नव्हतं.

मे महिन्यात त्यांना प्रेताची भूमिका मिळाली.

"शवपेटीत पडायचंय, एडी," ते स्वयंपाकघरात म्हणाले. "कॅमेरा पायापासून तोंडापर्यंत येणार, सावकाश. हात छातीवर. नुसते."

"नाही म्हणा, पपा."

"जूनच्या तोंडावर? प्रेत होता येत नाही, असं सांगू त्यांना?" ते हसले नाहीत. "तुझ्या दुकानात काहीतरी असेल ना, झोपवणारं."

मी तीन रात्री वाचलं. वय एकसष्ट, वजन एकशे चाळीस पौंड. नाडी तपासली. थोडी मात्रा घरी देऊन पाहिली आणि घड्याळ घेऊन शेजारी बसले. एकविसाव्या मिनिटाला हात थांबला. दोन महिन्यांनी मी तो मोकळा असून स्थिर पाहिला.

चित्रीकरणाच्या दिवशी मी डबा घेऊन त्यांच्याबरोबर गेले. सकाळी साडेदहाला औषध दिलं. "पपा, शॉट संपला की मी उठवीन. उठलात की लगेच हॅट हातात घ्यायची. मी देईन."

"हो गं, मास्तरीणबाई."

ते पेटीत आडवे झाले. पांढरी साटीनची चादर कमरेपर्यंत, हात छातीवर. कॅमेरा सरकत गेला. हात दगडासारखे. दिग्दर्शक हळूच म्हणाला, "छान," आणि दिवेवाल्यांनी अर्धे दिवे मालवले.

वडील उठले नाहीत. सगळ्यांना त्यांची जुनी सवय ऐकून माहीत होती, म्हणून सगळे भोवती जमून गंमत बघत राहिले.

"उठ रे म्हाताऱ्या, जेवणाची सुट्टी झाली!"

"अंगाला माती लागल्याशिवाय नाही उठायचा तो!"

मी गर्दीतून पुढे गेले, नाकाखाली उग्र वासाची कुपी धरली. त्यांनी डोळे उघडले. मी हॅट पुढे केली. पण त्याआधीच ते उठून बसले होते आणि डावा हात पेटीच्या कडेवर होता. तो थरथरू लागला. लाकडावर बोटं वाजली.

आणि माणसं हसली. दिवेवाले, सुतार, स्वतः दिग्दर्शक, तीसएक जण.

वडिलांनी मान वर केली. तो चेहरा मी लहानपणी पडद्याआडून पाहिला होता. मी म्हणाले, "पपा, हॅट." त्यांनी हॅट माझ्याच डोक्यावर ठेवली.

दुसरा हशा.

मग त्यांनी उजव्या हाताने डावा हात उचलला, आजारी बाळासारखा पेटीत निजवला, चादर त्यावर ओढली, दोनदा थोपटलं आणि ओठांवर बोट ठेवलं. चादर थरथरत होती. तिसरा हशा असा आला की शिडीवरचा माणूस दांडीला धरून राहिला. वडील पापणी न हलवता बसले. हशा विरेपर्यंत थांबायचं होतं.

तो विरला. कोणी डोळे पुसले, कोणी नाक शिंकरलं. वडिलांनी मान लववली. नक्कल संपली होती.

चादर थांबली नाही.

त्यांनी तिच्यावर उजवा हात दाबून धरला. आता दोन्ही हात हलत होते. "बास की, लूथर," कोणीतरी म्हणालं, आणि एकटाच थोडा हसला. करारांचं काम बघणारा हॉल्ब्रुक मागे उभा होता. तो चेहऱ्याकडे बघत नव्हता. त्याने जवळ येऊन चादर हलकेच बाजूला केली, थोडा वेळ पाहिलं आणि पुन्हा नीट पांघरली.

"कधीपासून, क्रिमिन्स?" त्याने विचारलं.

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. हॅट अजून माझ्याच डोक्यावर होती.

"ऐकलंस ना, एडी?" ते म्हणाले. "तिन्ही आले."