त्रास नाही

डबा गेला तसा परत आला. झाकण उघडलं तर अंडं जागच्या जागी, केळं जागच्या जागी, आणि ब्रेडचा एक कोपरा तेवढा कुरतडलेला, तोही आईला दाखवण्यापुरता. भिंगरीच्या आईनं डबा ओट्यावर आपटला.

“हे काय आहे?”

“डबा,” भिंगरी म्हणाली.

हेच उत्तर मागच्या वर्षी आलं असतं, तर त्याच्यामागोमाग खिदळणं आलं असतं, ओट्यावर चढणं आलं असतं, आणि डब्याची टोपी होऊन ती डोक्यावर बसली असती. आता पोरगी दोन्ही हात मांडीत घेऊन खुर्चीत बसली होती, पाहुण्यांच्या घरी आल्यासारखी. आईला भयंकर चीड आली. कुणावर काढायची, तेवढं कळेना.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव शाळेच्या हजेरीत होतं, आणि तिथंही ते कुणी शांत आवाजात घेतल्याचं आईला आठवत नव्हतं. पायाला भिंगरी लावूनच जन्मलेली पोर. सात वर्षांची होईपर्यंत तिनं घरादाराच्या नाकी नऊ आणले. वर्गात या बाकावरून त्या बाकावर उड्या, बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायची सोय नाही, आणि रस्त्यात कधी हात सोडून पळेल याचा नेम नाही. एकदा गाडीखाली येता येता वाचली, तेव्हा बाबा तिथंच फुटपाथवर मटकन बसला होता. मग तपासण्या झाल्या. डॉक्टर मॅडमनी समजावून सांगितलं, की याला एडीएचडी म्हणतात. हिचं लक्ष ठरत नाही, अंग हिला स्वस्थ बसू देत नाही. हा हट्ट नाही, आणि तुम्ही वळण लावायला कमी पडलात असंही नाही. गोळी सुरू झाली. आणि खोटं कशाला बोला, गोळीनं चांगलंच केलं. पोरीनं पहिल्यांदा गोष्टीचं अख्खं पान वाचून दाखवलं, तेव्हा आई न्हाणीघरात जाऊन रडून आली होती.

मग शाळा म्हणाली, दुपारनंतर अजून चुळबुळ करते. गोळी वाढली. पुढच्या वेळी आणखी वाढली.

आणि आता हे असं. दिवसभर पोटात अन्न नाही. नखांच्या कडेची कातडी सोलून सोलून बोटं लालभडक. पलंगावर पडली की डोळे टक्क उघडे. संध्याकाळी गोळीचा अंमल उतरला, की पेन्सिलीचं टोक मोडलं म्हणून हंबरडा. आणि हसणं? ते कुठे गेलं, देव जाणे.

आई सांगून सांगून थकली, पण ऐकून घ्यायला वेळ कुणाला होता? शाळेतल्या बाई म्हणाल्या, “अहो, किती शहाणी झालीय! काही बदलू नका हं आता.” आजीनं, म्हणजे बाबाच्या आईनं, तर हातच झटकले. “पोर उधळली होती तेव्हा रडत होतीस, आता गुणी झाली तरी रडतेस. तुझं समाधान करायचं तरी कसं गं बाई?” आणि बाबाचं तर एकच पालुपद. “मी डॉक्टरांशी बोललो. त्या म्हणाल्या, ठीक चाललंय.”

“काय बोललास?”

“त्यांनी विचारलं ते सांगितलं.”

“जेवत नाही हे सांगितलंस?”

“अगं, त्या दर वेळी जेवणाचं विचारतात. मी काय खुळा आहे का?”

डोंबल तुझं, आई मनात म्हणाली.

दवाखान्यात न्यायचं काम बाबाकडे होतं, कारण तो पहाटे बेकरीत जाई आणि दुपारी मोकळा असे. आई कपडे धुण्याच्या मशिनांच्या कंपनीत, तक्रारी घ्यायला. कानाला फोन लावून दिवसभर एकच प्रश्न, नेमका काय त्रास आहे? लोकांना तोही धड सांगता येत नसे. कुणी म्हणे मशीन रुसलंय, कुणी म्हणे नवऱ्यानं हात लावल्यापासून बिघडलंय. तिथं सुटी मागायची म्हणजे साहेबांच्या कपाळावर आठ्या. पण डबा आपटला त्या दिवशी तिनं ठरवलं, आठ्या तर आठ्या.

“या वेळी मीही येणार.”

“ये की,” बाबा म्हणाला. “मी कधी नको म्हटलंय?”

दवाखान्यात बाहेरच्या खोलीत लहान मुलांसाठी लाकडी ठोकळे ठेवले होते. भिंगरीनं त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. नर्सनं वजन घेतलं, उंची घेतली, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला, आणि पोरगी सगळीकडे ठेवाल तिथं राहिली. “काय गोड आहे हो!” नर्स म्हणाली. आईनं दात ओठ खाल्ले.

डॉक्टर मॅडम दमलेल्या दिसत होत्या, पण बाई भली होती. बाहेर रांग लागलेली असतानाही त्यांनी आधी भिंगरीकडे बघून हसून घेतलं. मग बाबाकडे वळल्या.

“बरं, काही त्रास?”

बाबाचा चेहरा खुलला. “नाही हो मॅडम! आता काही म्हणजे काहीच त्रास नाही.”

“जेवण नीट?”

“एकदम नीट. ताटावरून उठत नाही, सांडत नाही.”

“झोप?”

“जा म्हटलं की मुकाट जाते. पूर्वीसारखं मागे लागावं लागत नाही.”

“आणि चिडचिड?”

“माझी तर गेलीच,” बाबा म्हणाला. “हिची आहे अजून थोडी.” आणि त्यानं बायकोकडे बोट दाखवलं.

गंमत अशी, की पहिल्या उत्तराला आईनंही मान डोलावली होती. खरंच होतं ना ते, त्रास कुठे होता? पण ताटावरून उठत नाही हे ऐकल्यावर तिचे कान टवकारले. तिच्या फोनवर माणसं अशीच बोलत. आवाज अगदी बंद झाला हो, असं खुशीत सांगत, आणि कारागीर घरी गेला की कळे, मशीनच बंद पडलंय.

“थांबा, थांबा, थांबा!” ती इतक्या जोरात म्हणाली, की मॅडमच्या हातातलं पेन थबकलं. “मॅडम, तुम्ही त्रास विचारताय तो कुणाचा?”

“म्हणजे? मुलीचा. गोळीमुळे तिला काही त्रास होतोय का, हेच विचारतेय.”

बाबा एकदा मॅडमकडे, एकदा बायकोकडे बघायला लागला. “तिला होय? मला वाटलं, आम्हाला.”

“कर्म माझं!” आई म्हणाली.

“अगं, पण त्रास म्हटल्यावर... आजवर सगळ्यांनी तेच विचारलंय ना मला. शाळेनं, शेजाऱ्यांनी, माझ्या आईनं. पोरगी त्रास देते का? अजून त्रास देते का?” बाबाचा आवाज बसला. “मी खोटं नाही बोललो मॅडम.”

नव्हताच बोलला, आणि आईला त्याचाच जास्त संताप आला. खोटं बोलला असता तर निदान भांडता तरी आलं असतं. दर वेळी या दोन शहाण्या माणसांनी एकमेकांशी मराठीतच बोलून, हसून, नमस्कार करून, पोरीची गोळी वाढवून ठेवली होती. आणि ती स्वतः जगाच्या मशिनांच्या तक्रारी ऐकत बसली होती.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “मागच्या वेळी वजन थोडं उतरलं होतं. मी जेवणाचं विचारलं, तुम्ही नीट म्हणालात, मी पुढे गेले. आज ते आणखी उतरलंय. चूक माझीही आहे. मी हिलाच विचारायला हवं होतं.” त्यांनी खुर्ची ओढून भिंगरीच्या समोर आणली. “सांग बाळा, तुला काय त्रास होतो?”

भिंगरीनं बाबाकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. मग आईच्या कानाशी तोंड नेऊन, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, विचारलं, “सांगितला, तर तो त्रास देणं होतं का?”

आईनं तिला जवळ ओढून घेतलं.

“नाही गं राणी. सांग. सगळं सांग.”

मग पोरगी सांगत गेली. पोटात दुखतं. डबा उघडला की वासच नको वाटतो. शाळेत छातीत धडधड होते, बाक हलेल असं वाटतं. डोळे मिटून घेते, पण ते आतून उघडेच असतात. आणि मैत्रीण काहीतरी मजेचं बोलते तेव्हा हसायचं असतं हे तिला कळतं, पण हसू येतच नाही, म्हणून ती नुसती मान हलवते. एवढं सगळं पोटात घेऊन ही खुर्चीत गप्प बसत होती, आणि लोक तिला शहाणी म्हणत होते! आईला वाटलं, आत्ता उठावं आणि एकेकाला फोन लावावा, शाळेपासून सुरुवात करून.

मॅडमनी गोळी खाली आणली, अगदी सुरुवातीच्या मात्रेवर, जिच्यावर पोरगी वाचायलाही लागली होती आणि हसतही होती. आधी पोटभर नाश्ता, मग गोळी. थोड्या दिवसांनी पुन्हा वजन, आणि त्रास राहिलाच तर दुसरं औषध आहे, घाबरू नका. मनानं बंद मात्र करू नका. आईनं प्रत्येक गोष्ट त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतली, आणि बाबाकडूनही.

जिना उतरताना भिंगरी मध्येच थांबली. “गोळी कमी झाली, की मी परत उड्या मारीन?”

“मारशील थोड्या.”

“मग तुम्ही परत वाढवाल?”

नाही गं, छे, असं म्हणून आईला मोकळं होता आलं असतं. पण पोर तिच्याकडे टक लावून बघत होती.

“मी ओरडेन,” आई म्हणाली. “ओरडणारच, मला ओळखतेस तू. डोकं फिरलं की मी काहीही बोलते. पण गोळी तुझ्यासाठी आहे. माझ्या डोक्यासाठी मी दुसरं काहीतरी बघीन.”

“हे बाबालाही सांग,” भिंगरी म्हणाली.

बाबा खाली पोचला होता. त्यानं ऐकलं होतं. रस्त्याकडचं दार एका हातानं उघडं धरून तो तसाच उभा राहिला, आणि बाहेरून आलेली बाई “अहो, जरा बाजूला व्हा की!” म्हणून ओरडेपर्यंत त्याला हलायचं सुचलं नाही.