मेनदादाचं पान

विहाराच्या अंगणात तोंगबाय मावशींनी केळीचं शेवटचं पान मांडलं आणि त्यावर भात वाढायचा सोडून चक्क पाव ठेवला.

ओनचन सकाळपासून त्यांच्या मागेमागे हिंडत होती. पितरांचा दिवस, त्यात ही अनोळखी पाहुणी. पण मावशींनी तिला नारळ खवायला बसवून घरचीच करून टाकलं होतं. यायचं कारण ओनचनने आल्याआल्याच सांगितलं होतं. मावशींचे वडील पहिल्या महायुद्धात सयामी पलटणीतून फ्रान्सला गेले होते, लॉरी चालवायला. त्याच लॉरीवर तिचे चुलत आजोबा होते, खाम नावाचे.

"खाम हे नाव बाबांच्या तोंडून कधी ऐकलं नाही बघ."

ओनचनचा चेहरा पडला. खाम परत आले नाहीत आणि मेल्याचा निरोपही आला नाही. त्यांची आई सगळ्यांना बजावून गेली होती, जिवंत माणसाचं पान मांडायचं नाही. म्हणून शंभर वर्षं त्यांचं पान कुणी मांडलंच नाही. आता साइबुआ आत्या नव्वदीला टेकल्या होत्या आणि त्यांना एकच घोर लागला होता. काका मेला असेल, तर इतकी वर्षं उपाशी फिरतोय.

"हा पाव कुणाला, मावशी?" तिने आपलं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"मेनदादाला."

मेन म्हणजे घाणेरडा. असलं नाव कोण ठेवतं?

मावशी हसल्या. "बाबांचा थोरला. लग्नाआधीचा. तिकडेच तापाने गेला म्हणे. मडमेचं पोर म्हणून आई जन्मभर धुसफुसली. पण पान तिनेच सुरू केलं हो. मडमेचं पोर भात कसं खाईल, म्हणून पाव."

"आणि तुमचे बाबा काय म्हणायचे?"

"थापा मारायचे, दुसरं काय! म्हणे, एका सिगारेटीला विकत घेतला. म्हणे, पोरगा बापापेक्षा वयाने मोठा. आई म्हणायची, थाप मारायलासुद्धा अक्कल लागते."

ओनचनचा खवणीवरचा हात थांबला.

तिच्या गावात पोर दुखण्याने हातचं जायला लागलं की आई त्याला शेजाऱ्याला विकते. मूठभर मिठाला, नाहीतर विडीकाडीला. वर एखादं ओंगळ नाव ठेवते. मरण शोधत आलं तरी जुन्या नावाचं, जुन्या घरचं पोर त्याला सापडत नाही. मावशींच्या शहरात ही रीत कधी नव्हतीच. पण खाम ओनचनच्या गावचे. परमुलखातल्या इस्पितळात आई कुठून आणणार? त्यांनी स्वतःच स्वतःला विकलं असणार, उशाशी बसलेल्या दोस्ताला.

"मावशी, तुमचा मेनदादा म्हणजे आमचे खाम आजोबा," ती म्हणाली, आणि अडखळत सगळं सांगितलं.

मावशी पावाकडे बघत राहिल्या. "अगं बाई. आई बिचारी उगाच जळली." मग पाव उचलू की राहू देऊ, हे न कळून त्यांनी हात पदराला पुसला.

ओनचनने तिथूनच आत्यांना फोन लावला. सगळं सांगून टाकलं.

"आत्या, ऐकताय ना? मडमेचं पोर समजून पाव वाढत होते हो त्यांना."

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

आत्यांनी नाक ओढलं.

"पाव तर पाव," त्या म्हणाल्या. "जेवत होता ना."