दुसऱ्या मजल्यावरची साक्ष

कागाळी करणारी दुसऱ्या मजल्यावरची दोना एर्मेलिंदाच, याबद्दल दिलकुमारीच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पुरावा विचाराल तर एकही नव्हता, पण संशयाला पुरावा लागतो कधी? दोना म्हणजे तिकडे बाईसाहेब. या म्हातारीचं दार जिन्याकडे कायम चार बोटं उघडं, आत साखळी आणि साखळीच्या वर एक डोळा. लिस्बनच्या त्या जुन्या इमारतीत दिलकुमारी चौदा महिने राहत होती आणि तो डोळा चुकवायला चौदा महिने बूट हातात घेऊन जिना चढत होती.

भ्यायला कारणही होतं. तिसऱ्या मजल्यावरचं घर तिघांसाठी म्हणून भाड्याने घेतलेलं, राहत होते सात जण, सगळे नेपाळातल्या बागलुङकडचे. भाडेकरार खिमदाजूच्या नावावर; दाजू म्हणजे थोरला भाऊ, सगळे त्याला तसंच म्हणत. नव्याने येणाऱ्याला तो पहिल्याच दिवशी नियम ऐकवायचा. खिडकीबाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत, पत्रपेटीवर नाव लावायचं नाही, जिन्यात तोंड उघडायचं नाही. "आपण इथे नाहीच असं समजून राहायचं," तो म्हणायचा. आणि सगळे तसेच राहत होते.

तरी गेल्या मंगळवारी दोन बायका फायली घेऊन आल्या आणि पाच मिनिटं दार ठोठावत राहिल्या. आत चौघं जण श्वास रोखून बसले, गॅसवरचा भात करपला तरी कुणी उठलं नाही. बायका कंटाळून खाली गेल्या आणि दुसऱ्या मजल्यावर थांबून म्हातारीशी बोलत राहिल्या. शब्द कळले नाहीत, पण बोलणं मात्र सगळ्यांनी दाराला कान लावून ऐकलं.

"बघ, मी म्हणत नव्हतो?" खिमदाजू कुजबुजला. "ती भवानी आपली डोकी मोजत बसते. घरमालकाला कळलं ना, तर सातही जण रस्त्यावर!"

आणि नेमकी त्याच भवानीच्या दारात जायची पाळी दिलकुमारीवर आली. राहण्याच्या परवान्यासाठी तिला गुरुवारची तारीख मिळाली होती, अकरा महिने वाट पाहून. तारखेला जाताना पत्त्याचा दाखला हवा. तो वॉर्डाच्या कचेरीत मिळतो, पण त्याआधी त्याच वॉर्डात मत देणाऱ्या दोन माणसांनी येऊन सहीनिशी सांगायला हवं की होय, ही बाई इथेच राहते. दाखला नाही तर तारीख गेली, तारीख गेली तर परवाना गेला आणि परवान्याशिवाय बिपनाला आणता येत नव्हतं. बिपना तिची मुलगी, सात वर्षांची. नवरा कतारला, ही इथे आणि पोर गावी आजीजवळ. कामावरून आल्यावर रोज दुपारी फोनवर भेटायची, तेवढीच काय ती भेट.

चौदा महिने कुणाला न दिसण्याची तालीम केली. आता पाहिलंय म्हणणारी माणसं आणायची कुठून?

आधी ती कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्या आदेलिनोकडे गेली.

"तुला कोण ओळखत नाही? एक कॉफी, साखरेच्या दोन पुड्या," तो हसला.

"मग सही कराल?"

आदेलिनोचं हसू आखडलं. "दोना एर्मेलिंदाने केली तर करीन. तिच्या आधी मी केली, तर ती मला जाब विचारेल. मला ह्याच गल्लीत दुकान चालवायचंय, पोरी."

अडला हरी गाढवाचे पाय धरी. बुधवारी कामावरून आल्या आल्या दिलकुमारीने दुसऱ्या मजल्यावरचं दार वाजवलं. चार बोटं फट, साखळी, डोळा.

"काय विकायचंय?"

"काही नाही, दोना. मी वरती राहते."

"बूट हातात घेऊन चढते, ती तूच ना?"

दिलकुमारीची पोर्तुगीज कामापुरती होती, तीही आता पळून गेली. "तुम्हाला कसं..."

"अनवाणी पायांनाही आवाज असतो. दाराला खुर्ची लावून झोपते मी, तुझ्यामुळे. भल्या माणसाला जिन्यात बूट कशाला काढावे लागतात?"

चोराच्या मनात चांदणं, तसं झालं. तिने सहीचा कागदच फटीतून पुढे केला. म्हातारीने तो सावकाश वाचला आणि परत दिला नाही.

"सही मागतेस. मग आधी सांग, वर किती जण राहता?"

हा सापळा आहे हे दिलकुमारीला कळत होतं. तीन म्हणावं तर हिने मोजलेली असणार. सात म्हणावं तर उद्या सातांची अंथरुणं फुटपाथवर, आणि तिथे नेणारी आपणच. खिमदाजूने तिला पहिल्या महिन्यात फुकट ठेवून घेतलं होतं, ते आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण म्हातारीचा डोळा हलत नव्हता.

"सात," ती म्हणाली.

"खोटं. आठ."

"सातच, दोना. शपथ!"

"सात मोठी माणसं. मला पावलं ओळखू येतात. आणि आठवी ती पोर."

"कुठली पोर?"

"मला शिकवतेस?" म्हातारीचा आवाज चढला. "तुझी आणि माझी स्वयंपाकघरं एकाच चौकावर उघडतात. रोज दोन वाजले की ऐकू येते ती, काहीबाही घोकत असते, मध्येच रडते. चौदा महिन्यांत एकदाही शाळेत जाताना दिसली नाही. कोंडून ठेवलंय तुम्ही लेकराला! मुलांच्या कचेरीतल्या त्या दोन बायका मीच बोलावल्या होत्या. पुन्हा बोलावीन."

म्हणजे कागाळी हिनेच केली होती! दिलकुमारीला भीती वाटायला हवी होती, पण आला तो संताप. आपल्या लेकराचा आवाज चोरून ऐकायचा आणि वर आपल्यालाच राक्षसीण ठरवायचं! तिने तिथेच व्हिडिओ कॉल लावला आणि फोनचा पडदा त्या फटीपुढे धरला.

"आमा!" बिपना ओरडली. कानटोपी घातलेली, मागे आजीचा हात, तिकडे रात्र पडलेली. "साताचा पाढा म्हणू?"

दोन-तीन ओळी होईपर्यंत म्हातारी हलली नाही. मग तिने वर तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. तरी संशय जाईना.

"आवाज तोच आहे. पण फोनवर कोण काय दाखवील! विचार तिला, काल का रडत होती?"

दिलकुमारीने विचारलं.

"दात पडला म्हणून," बिपनाने खिंडार दाखवलं. "आणि तू बघायला नव्हतीस."

"काय म्हणाली?" म्हातारीने विचारलं. दिलकुमारीने शब्दन् शब्द सांगितला.

दार बंद झालं. संपलं, असं वाटतंय तोवर साखळी निघाल्याचा आवाज आला. म्हातारी कोट चढवून, मतदाराचं ओळखपत्र घेऊन बाहेर आली आणि थेट खाली उतरली. वाटेत तिने आदेलिनोला नुसती मान हलवून बोलावलं. तो हात पुसत निघाला.

रस्ताभर दिलकुमारीला वाटत होतं, ही आपल्याला दाखल्यासाठी नेतेय की पकडून द्यायला? म्हातारी माफीचं बोलली नव्हती आणि सही करीन असंही म्हणाली नव्हती. कागद अजून तिच्याच मुठीत होता.

कचेरीतल्या बाईने दोघांची ओळखपत्रं तपासली. "किती दिवसांपासून राहते ही?"

"चौदा महिने," दोना एर्मेलिंदा म्हणाली.

"स्वतः पाहिलंय?"

"रोज."

"आणि त्या घरात एकूण किती माणसं?"

आदेलिनो छताकडे बघू लागला. दिलकुमारीने खुर्चीची कड घट्ट धरली. सातही नावं तिच्या डोळ्यांपुढून गेली.

"तीन," म्हातारी म्हणाली. "आणि एक मुलगी यायचीय. तीही लिही."

"अजून न आलेली माणसं लिहिता येत नाहीत, दोना."

"मग तेवढी जागा कोरी सोड," म्हातारी म्हणाली आणि तिने सहीसाठी पेन मागितलं.