तीन वाव, दोन मुठी

हौसेला मोल नसतं म्हणतात. म्हणणाऱ्याचं काय जातं? बिबियानेच्या हौसेला मोल होतं आणि ते तिला तोंडपाठ होतं: पाच हजार क्रोनर. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या मनित्सोक गावच्या मासळी कारखान्यात खिडकीकडे पाठ करून, कोळंबी निवडता निवडता साठवलेले. खिडकीबाहेर समुद्र. शेहेचाळीस वर्षांची झाली बाई, कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची निमुळती होडी, ज्यांनी जगाला दिली त्यांच्या पोटी जन्मली, आणि एकदाही कयाकमध्ये बसली नव्हती. लाज वाटायची तिला.

कारण घरातच होतं. मागदालिने, वय अठ्ठ्याहत्तर, तिची आई.

मागदालिनेचे वडील एनोक कयाक घेऊन गेले ते परत आले नाहीत. ती तेव्हा सात वर्षांची. पुढे तिला मुलगी झाली तेव्हा तिने बाळाला वडिलांचंच नाव दिलं: बिबियाने एनोक. मेलेल्याचं नाव बाळाला दिलं की तो माणूस परत आला, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे गाव तिला बिबियाने म्हणे, आणि आई म्हणे ‘बाबा’. “बाबा, जेवलास का? बाबा, मोजे वाळले बघ तुझे.” दुकानातसुद्धा कोणी वळून पाहत नसे.

यात फायदा असा की आई तिला जन्मात कधी रागावली नाही. वडिलांना कोण रागावणार? आणि तोटा असा की पाण्याचं नाव काढलं की म्हातारीचा चेहरा पांढरा पडायचा. एकदा गेलेले बाबा दुसऱ्यांदा घालवायला कोण तयार होईल? बिबियानेने विषय काढणंच सोडून दिलं होतं.

पण त्या वसंतात शाळेतला डॅनिश मास्तर गाव सोडून निघाला आणि त्याने आपली नारिंगी प्लास्टिकची कयाक विकायला काढली. वल्हं, अंगात घालायचं तरंगतं जाकीट, सगळं मिळून साडेचार हजार. बिबियानेचा जीव तिथेच अडकला.

ती कयाक क्लबातल्या टायटसला विचारायला गेली. टायटस सत्तरीचा, जीभ मात्र विशीतली.

“ही कयाक?” तो म्हणाला. “हा आंघोळीचा टब आहे. तुझ्यासोबत अख्खा कारखाना बसेल यात.”

“स्वस्त आहे, टायटसकाका. अंथरूण पाहूनच पाय पसरावे लागतात.”

“लाकडाच्या पट्ट्या आणि कापड याहून स्वस्त पडेल. बांधून मी देतो. आईला विचारलंस?”

बिबियाने खाली बघायला लागली.

“म्हणजे नाही,” टायटस म्हणाला. “आधी तिला विचार. मग लाकडाचं बोलू.”

तिने विचारलं नाही. सरळ मास्तरला पैसे दिले, कयाक घरामागे आणली आणि मासे सुकवायच्या मांडवाखाली ताडपत्रीने झाकून ठेवली. आता इतकी लांब नारिंगी वस्तू ताडपत्रीखाली लपते होय? पण हौसेला डोळे नसतात.

चौथ्या दिवशी कामावरून येते तर ताडपत्री बाजूला पडलेली, आणि कयाकमध्ये, कोरड्या जमिनीवर, आई बसलेली. डोक्याला रुमाल, पाय आत, आणि कंबर डावीउजवीकडे हलवून बघत होती. 

“बाबा,” आई म्हणाली, “हे कोणाच्या मापाचं?”

“तसं माप नसतं गं आई. कारखान्यात बनतात. सगळ्यांना एकच.”

“सगळ्यांचं म्हणजे कोणाचंच नाही. बघ, केवढी सैल! माझ्यासारख्या दोघी मावतील.” आणि मग मागदालिनेचा आवाज चढला. “तुला अक्कल कधी येणार? त्या दिवशीही हेच केलंस! तुझ्या कयाकचं कातडं फाटलं होतं. आई म्हणत होती, दोन दिवस थांब, शिवून देते. तुला दम नव्हता. भावाची कयाक उचललीस आणि गेलास. भाऊ हा एवढा जाडा, तू काडी. कयाक उलटली असणार, आणि कंबरेला सैल असलेली कोणी सरळ करू शकतं का? सांग ना!”

 जन्मात पहिल्यांदा बिबियाने आईची बोलणी खात होती, आणि ती बोलणीसुद्धा तिची नव्हती. तरी तिने मान खाली घालून ऐकून घेतली.

“चुकलं,” ती म्हणाली. “मग नको जाऊ?”

म्हातारीने डोक्याचा रुमाल घट्ट बांधला. “नको म्हटलं तर तू चोरून जाशील. चोरून आणलीच आहेस ना ही? त्यापेक्षा नीट जा. पण या टबातून नाही. हात दे, मला उठव.”

मास्तर भला माणूस. त्याला दुसरं गिऱ्हाईक तयारच होतं, त्याने हसत पैसे परत केले. टायटसच्या शेडमध्ये मागदालिने स्वतः माप घ्यायला उभी राहिली.

“हात पसर. पूर्ण पसर, बाबा, लाजतोस काय!” कयाकची लांबी तीन वाव, म्हणजे बिबियानेच्या पसरलेल्या हातांच्या तिप्पट. रुंदी तिची कंबर आणि दोन बाजूंना तिच्या दोन मुठी. वल्ह्याची उंची, हात वर करून बोटं वळवली की जिथे टेकतात तिथपर्यंत.

“कंबरेपायी लाकूड कमी पडणार बहुतेक,” टायटस पुटपुटला.

“गप रे! तुझी जीभ मापात काप आधी.”

पट्ट्या दोऱ्यांनी बांधल्या, वर कापड ताणून शिवलं, रंग चढवला. टोपीचा रबरी अंगरखा, ज्याची खालची कड कयाकमध्ये बसायच्या तोंडाला घट्ट बसते आणि पाणी आत येत नाही, तो आईने आपल्या मशीनवर शिवला. तीन सुया मोडल्या, शिव्या चार दिल्या. सगळं करून पाच हजारांतून वर्षभराच्या कॉफीपुरते पैसे उरले.

मग टायटसने तिला उथळ पाण्यात रोज उलटं पाडलं. बर्फाच्या पाण्यात डोकं खाली, पाय वर, आणि वल्ह्याच्या एका फटक्यात सरळ व्हायचं. पहिले दहा दिवस जमलं नाही. अकराव्या दिवशी जमलं. “आणखी वीस वेळा,” आई काठावरून म्हणाली. वीस झाल्यावर म्हणाली, “रविवारी जा.”

रविवारी चर्चनंतर बिबियाने निघाली. “तासाभरात येते,” म्हणाली. आई खडकावर थर्मास घेऊन बसली. टायटसने शेजारी बसून बोलायचा प्रयत्न केला, तिचे डोळे समोरच्या बेटाकडे लागलेले.

आणि बिबियाने? देवा रे, काय सांगावं! जन्मभर जो समुद्र तिने उभ्याने पाहिला, त्यात ती आता कंबरेपर्यंत बसली होती. कयाक अंगात घातल्यासारखी होती. ती वळली की कयाक वळे. आवाज फक्त वल्ह्याचा. बेटामागे पोचली आणि तिने खाली पाहिलं, तर पाणी जिवंत! अम्मासाटचा थवा, बोटाएवढे मासे, लाखो, काठाकडे निघालेले, सगळे एकदम वळत होते, एकदम चमकत होते. तिचा हात थांबला.

मग मासे फाटल्यासारखे दोन बाजूंना झाले आणि खालून अंधार वर आला. देवमासा. तिच्या कयाकच्या तिप्पट लांब, हातांसारखे लांब पांढरे पर पसरलेला. तो तिच्या खालून गेला, आणि कयाक जराशी उचलली गेली, इतकी हळू की तिला वाटलं, याला आपण इथे आहोत हे माहीत आहे. पलीकडे त्याने डोकं वर काढून श्वास सोडला. मासळीच्या वासाचं धुकं तिच्या तोंडावर आलं. तिला भीती वाटली नाही. भीतीला जागाच उरली नव्हती. आपण कोळंबी निवडणारी साधी बाई, आणि हे आपल्याला दाखवलं जातंय, एवढंच तिच्या मनात होतं. तिला रडू आलं, आणि तिने रडून घेतलं. देवमासा पुन्हा आला, पुन्हा गेला. वेळ कशाला म्हणतात हे ती विसरली.

बेटाच्या टोकाला वळून ती परत दिसायला लागली तेव्हा अडीच तास झाले होते. टायटस मोटरबोट सुरू करायला धावला होता. मागदालिने मात्र खडकावर नव्हती. गुडघाभर पाण्यात, बुटांसकट, उभी होती.

कयाकचं टोक हाताला लागताच तिने ते दोन्ही हातांनी पकडलं. तिचे ओठ निळे पडले होते.

“मी इथेच उभी होते,” ती म्हणाली. “सगळे जेवायला घरी गेले. मी नाही गेले. आईने ओढत नेलं मला, तरी पुन्हा आले. रोज येत होते, बर्फ पडेपर्यंत.” तिचा आवाज अठ्ठ्याहत्तर वर्षांचा राहिला नव्हता. “किती उशीर केलास, बाबा!”

बिबियानेच्या ओठांवर ‘आई’ आलं होतं, देवमाशाचं सगळं सांगायचं होतं. तिने ते गिळलं. वल्ह्यावरचा हात काढून तिने त्या पांढऱ्या केसांवरून फिरवला.

“हो गं पोरी,” ती म्हणाली. “झाला खरा उशीर. आलो बघ. चल, घरी जाऊ.”