पाहुण्यांची अट

मी एक जुना माइक आहे. नाशिकमध्ये त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी एक वसाहत आहे, तिथल्या बुद्धविहारात माझा मुक्काम असतो. माझ्या डोक्यावरची जाळी एका बाजूनं चेपली आहे, वायरला चिकटपट्ट्या आहेत, आणि कुणी तोंड फारच जवळ आणलं की मी शिट्टी मारतो. तरी मित्रांनो, मला भंगार म्हणून हिणवू नका. या वसाहतीतली बारशी, लग्नं, जयंत्या आणि शोकसभा माझ्याच गळ्यातून गेल्या आहेत.

माझा जन्म ठाण्याच्या एका कारखान्यात झाला. तिथून पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून एसटीनं मी नाशिकला आलो. विहाराच्या गच्चीवर माझा सोबती असतो, भोंगा. मी आत ऐकायचं आणि त्यानं बाहेर सांगायचं, असा आमचा संसार. तो उन्हापावसात असतो म्हणून जरा तिरसट आहे, पण मनानं चांगला आहे.

आमच्या वसाहतीची एक रीत आहे. पौर्णिमेला वंदना सुरू झाली की जो घरी असेल त्यानंही आहे त्या जागी उभं राहून, हात जोडून साथ द्यायची. भाकरी थापणाऱ्या बायका तवा उतरवून ठेवतात आणि पिठाचे हात जोडून दारात उभ्या राहतात. त्यामुळे भोंग्याशिवाय वंदना हा प्रकार आमच्याकडे कुणाला ठाऊकच नव्हता.

ही वंदना सांगायच्या विमलाबाई. अंगणवाडीत त्यांनी अख्खं आयुष्य काढलं. वसाहतीतल्या निम्म्या बाप्यांची नाकं त्यांनी लहानपणी पुसली आहेत, म्हणून त्यांच्यापुढे कुणाचा आवाज चढत नाही. पहिल्यांदा माझ्यासमोर आल्या तेव्हा मात्र त्या आधी दोनदा मागे फिरल्या. मग त्यांनी पदराच्या टोकानं माझी जाळी पुसली, घसा साफ केला आणि सुरुवात केली. त्यानंतर कितीतरी माणसं माझ्यासमोर बोलून गेली, पण मला पुसून घेऊन बोलणाऱ्या त्या एकट्याच. सांगायला हरकत नाही, माझा त्यांच्यावर जीव आहे.

त्यांच्या घरी वरच्या खोलीत एक मुलगी भाड्यानं राहायला आली. तिचं नाव झरमीना. डोंगरांच्या एका दूरच्या देशातून ती परिचारिकेचं शिक्षण घ्यायला नाशिकला आली होती. त्याच देशात डोंगरात कोरलेल्या प्रचंड बुद्धमूर्ती सुरुंग लावून उडवल्या होत्या, हे आमच्या विहारात लहान मुलांनाही माहीत आहे. ज्यांनी त्या उडवल्या त्यांच्याच हाती मधल्या काळात पुन्हा राज्य आलं. त्यांनी मुलींच्या शाळा बंद केल्या, बायकांना नोकरीवरून घरी बसवलं, आणि पुढे तर बाईचा आवाजही घराबाहेर ऐकू येता कामा नये असा हुकूम काढला. झरमीनाची धाकटी बहीण सहावीत होती, ती सहावीतच राहिली.

झरमीना विमलाबाईंना मावशी म्हणायची. पौर्णिमेला मागच्या रांगेत गुपचूप बसायची. धर्म तिचा वेगळा, पण ती म्हणायची की इथे बाई बोलते आणि बाप्ये ऐकतात, तेवढ्यासाठी मी येते. हे ऐकून विमलाबाई मोठ्यानं हसल्या होत्या.

एके दिवशी विहाराच्या समितीची बैठक बसली. समितीचे अध्यक्ष भिकनदादा, विमलाबाईंचे धाकटे दीर. कचेरीतून निवृत्त झालेले, सरळ स्वभावाचे, पण मोठ्या माणसाचा फोन आला की हुरळून जाणारे. त्या दिवशी तसाच फोन आलेला होता. झरमीनाच्या देशाचं शिष्टमंडळ दिंडोरीला द्राक्षं बघायला येणार होतं. मग ते आमची लेणी बघणार, आणि खाली आमच्या विहारात येऊन फुलं वाहणार. वसाहतीनं त्यांचं स्वागत करावं, अशी वरची इच्छा होती.

भिकनदादांचे डोळे पाणावले होते. ज्यांनी मूर्ती फोडल्या तेच आपल्या पायांनी बुद्धासमोर येताहेत, मग आपण दार लावायचं का, असं त्यांनी सगळ्यांना विचारलं. प्रश्न खोटा नव्हता. बुद्धानं वैऱ्यालाही मैत्री द्यायला सांगितली आहे, हे माझ्यातूनच शंभरदा सांगून झालेलं होतं.

तेव्हा विमलाबाईंनी झरमीनाला पुढे बोलावलं. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि माझ्या दांड्याला घट्ट धरून राहिली.

"त्यांना फुलं नकोत, फोटो पाहिजे," ती म्हणाली. "तो फोटो ते माझ्या गावात दाखवणार. बघा, जग आम्हाला मानतं. मग माझ्या बहिणीच्या शाळेबद्दल कोण बोलणार?"

पुढचं विमलाबाईंनी सांगितलं. झरमीनाच्या पासपोर्टची मुदत संपत आली होती. तिच्या देशाच्या मुंबईतल्या वकिलातीच्या कचेरीत त्या राजवटीचा माणूस येऊन बसला होता, पण त्याचा शिक्का अजून आपल्याकडे चालत नव्हता, म्हणून जुन्या कागदांवर तिचं भागत होतं. एकदा हात मिळवले, जेवणावळी झाल्या, की त्याचाच शिक्का चालणार. आणि तो बाईला घरच्या पुरुषाशिवाय दारातही उभं करत नव्हता. म्हणजे मुलीनं शिक्षण अर्धं टाकून परत जायचं.

"बोलणंच टाकलं तर ते सुधरणार कसे, वहिनी?" भिकनदादांनी विचारलं.

"बोला की," विमलाबाई म्हणाल्या. "पण पहिलं बोलणं मुलींच्या शाळांचं करा. त्यावर बोलायची तयारी असेल तर पाहुण्यांचा चहा मी करते. मैत्री माणसाला द्यायची असते, भाऊजी. गळा दाबणाऱ्या हाताला द्यायची नसते."

समितीनं हात वर करून मत घेतलं. स्वागत करायचं ठरलं. एका चहानं एवढं काय होतंय, असंच बहुतेकांचं म्हणणं पडलं. लेण्यांचं नाव देशभर होईल, रस्ता दुरुस्त होईल, असंही कुणीतरी पुटपुटलं. मी सगळं ऐकत होतो. पण मित्रांनो, माइकला मत नसतं.

अट नंतर आली, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, फोनवरूनच. मंडपात बायका नकोत. आणि माइकवरून बाईचा आवाज येता कामा नये. भिकनदादांनी फोन ठेवला आणि परत लावायला उचलला. मला वाटलं, आता हे नाही म्हणतील. पण पत्रिका वाटून झाल्या होत्या, मंडप उभा राहिला होता, आणि नाही म्हणायला तोंड कुठून आणणार. शेवटी ते वहिनींच्या दारात गेले. एका दिवसाचं तर आहे, असं त्यांनी सांगितल्याचं नंतर सगळ्या वसाहतीला कळलं. विमलाबाईंनी त्यांना पाणी दिलं आणि दार ओढून घेतलं.

पाहुणे आले. दिंडोरीहून येताना वाटेवरच्या वायनऱ्यांच्या फलकांवर हिरवी जाळी टाकून ठेवली होती म्हणे, पाहुण्यांच्या नजरेला दारूचं नाव पडू नये म्हणून. बायका झाकल्या, फलक झाकले, आमचं आदरातिथ्य अगदी कडेकोट होतं. पुढच्या रांगेत सरकारी साहेब बसले, त्यांच्याशेजारी पाहुण्यांचा म्होरक्या. बोलायला मऊ, दाढी विंचरलेली, हसरा माणूस. मला वाटलं होतं, तो दिसायलाच भयंकर असेल. तसं काही नव्हतं आणि त्याचंच मला जास्त भय वाटलं.

वंदना सांगायला भिकनदादा उभे राहिले. त्यांनी आयुष्यात कधी ती एकट्यानं सांगितली नव्हती. मंडपातल्या बाप्यांनी मागून साथ दिली, पण ती पार खाली पडली. इतकी वर्षं बायकांच्या आवाजाच्या आडोशाला हे लोक नुसते ओठ हलवत होते, हे त्या दिवशी मला समजलं.

आणि मग ते घडलं. समितीनं बायकांना घरी बसवलं होतं, पण गच्चीवरचा भोंगा उतरवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. वंदना वसाहतभर गेली. पहिल्या ओळीला विमलाबाईंच्या दारातून उत्तर आलं. सवयीनं म्हणा, हट्टानं म्हणा, मला सांगता येणार नाही. दुसऱ्या ओळीला त्यांची गल्ली उठली, आणि तिसऱ्या ओळीपर्यंत सगळी वसाहत. खणखणीत, एका सुरात, मंडपाच्या कनातीतून ते आवाज आत आले आणि माझ्यापर्यंत पोहोचले. मी ते उचलले आणि भोंग्याकडे दिले. दोघंही आम्ही त्या क्षणी फार सुखात होतो.

म्होरक्याचं हसू मावळलं. दुभाषा साहेबांच्या कानाशी लागला. साहेबांनी भिकनदादांकडे नुसतं बघितलं.

भिकनदादांचा अंगठा माझ्या बटणावर आला. तो घामानं ओला होता. त्यांनी बटण खाली सरकवलं आणि मी मुका झालो.

बाहेरची वंदना मात्र थांबली नाही. भोंग्याविना, माझ्याविना, बायकांनी ती शेवटपर्यंत नेली. आत पाहुणे, साहेब आणि आमचे बाप्ये खाली माना घालून ती संपायची वाट बघत बसले. नंतर मला पुन्हा चालू केलं गेलं आणि स्नेहाची, व्यापाराची, जुन्या संबंधांची भाषणं माझ्यातून गेली. दुसऱ्या दिवशी पेपरात मोठा फोटो आला. मागे बुद्ध, पुढे म्होरक्या आणि भिकनदादा, हातात हात. खाली लिहिलं होतं की नाशिककरांनी उत्स्फूर्त स्वागत केलं. बायकांबद्दल अक्षर नव्हतं. तो फोटो चौकट करून, मला ठेवतात त्या कपाटाच्या वर भिंतीवर टांगला.

असे फोटो गावोगाव निघाले असतील. काही महिन्यांनी मुंबईच्या त्या कचेरीचा शिक्का चालू झाला.

पुढची हकिगत मी भिकनदादांच्या तोंडून ऐकली, कारण एका पौर्णिमेला त्यांनी ती माझ्यासमोरच सगळ्यांना सांगितली. झरमीनाच्या पासपोर्टसाठी ते स्वतः तिच्याबरोबर मुंबईला गेले होते. भिंतीवरचा फोटो काढून पिशवीत घालून नेला होता. तो बघितल्यावर तिथल्या माणसानं उठून त्यांना आलिंगन दिलं, हिरवा चहा आणि सुका मेवा पुढे केला. झरमीनाला बाहेर जिन्यात थांबवलं होतं. भिकनदादांनी सांगितलं की ही माझ्या पुतणीसारखी आहे, जामीन मी राहतो, सही मी करतो. त्या माणसानं हसत हसत मान हलवली. रक्ताचा पुरुष हवा. नाहीतर तिला घरी पाठवा, तिथे तिची व्यवस्था होईल.

"त्यांनी मला लय मान दिला," भिकनदादा म्हणाले. "मी चहा पीत होतो आणि पोरगी जिन्यात उभी होती." एवढं बोलून ते खाली बसले. रडत होते, पण कुणी उठून त्यांच्याजवळ गेलं नाही.

झरमीना तेव्हा निघून गेलेली होती. शेवटची परीक्षा राहिली. वडिलांनी तिच्या भावाला सीमेपर्यंत पाठवलं होतं, म्हणजे पुढचा प्रवास घरच्या पुरुषाबरोबर, तिथल्या कायद्याप्रमाणे झाला.

त्या पौर्णिमेला विमलाबाई माझ्यासमोर आल्या त्या वंदनेसाठी नाही. त्यांनी मोबाइल काढला. त्या रोज झरमीनाला आवाजातले निरोप पाठवत असत, जेवलीस का, पुस्तकं वाचतेस का. तिचं उत्तर आलं होतं, लिहून. ते त्यांनी वाचून दाखवलं.

"मावशी, आवाज पाठवू नका. भिंत पातळ आहे. मोबाइलमधली बाईसुद्धा बाहेर ऐकू येते."

मित्रांनो, माझी काळजी घेणं अवघड नाही. कोरड्या फडक्यानं पुसा, ओल लागू देऊ नका, वायर पिळू नका, मी अजून पुष्कळ वर्षं चालेन. पण उद्या तुमच्या गावात कुणी मोठा पाहुणा आला आणि माझ्यासमोरून एखाद्याला बाजूला करायची अट त्यानं घातली, तर त्याच्याकडे बघत बसू नका. तो माझ्या बटणाला हातही लावत नाही. माझ्या बटणावर येतो तो अंगठा आपल्याच घरातल्या चांगल्या माणसाचा असतो. तो वेळेवर धरा.