लिंबानं थांबवलेला संगणक

सकाळचे आठ वाजले नव्हते, तोच मोहटोल्याच्या वाचनालयासमोर चपलांचा ढीग पडला होता. एरवी या वाचनालयात दिवसाकाठी तीन माणसं येत, त्यांतली दोन पंख्याखाली बसायला. आज मात्र लोक खिडकीच्या गजांना लटकून आत डोकावत होते. आत टेबलावर गावाचा एकुलता एक संगणक, त्याला झेंडूचा हार, आणि शेजारी डोळे मिटून बसलेले भैयाजीबाबा.

"चालू कर रे घनश्याम," बाबा म्हणाले.

घनश्याम तुमसरला संगणक दुरुस्तीचं दुकान चालवायचा. त्यानं बटण दाबलं. पडदा काळा झाला. त्यावर इंग्रजीत तीन ओळी उमटल्या, तळाशी बारीक अक्षरांत आणखी काहीबाही, आणि एक आकडा. दहा. मग नऊ. मग आठ. अख्खं गाव हात जोडून मोठ्यानं मोजू लागलं. शून्य झालं आणि कुणी बोटही न लावता पडदा जांभळा होऊन भलत्याच दुनियेत गेला. तिथे ना रोजची चित्रं, ना पुस्तकांची यादी, ना कुठलीच जुनी फाईल.

"गेला! आत्मा आपल्या लोकात गेला!" बाबांनी डोळे उघडले. "या पेटीत तीन लोक हायेत. स्वर्गलोक, मृत्युलोक, पाताळलोक. मी अमेरिकेच्या इंजिनेरले फोन लावला, तो म्हणे, बाबाजी, हे आमच्या हातचं काम नाई, तुमीच पाहा."

बाबांच्या फोनवरून शेजारच्या सिहोऱ्याला लावलेला कॉलही दोनदा कटायचा, पण अमेरिका कशी लागली हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

मग खरी गंमत झाली. घनश्यामनं संगणक बंद करून पुन्हा चालू केला. आकडे सुरू झाले. सहावर येताच बाबांनी झोळीतून लिंबू काढलं, "थांब वो माय!" अशी आरोळी ठोकली आणि लिंबू कीबोर्डच्या सगळ्यात लांब कळीवर दाबून धरलं. आकडा गायब झाला. तीन ओळी तशाच स्थिर. बायांनी गालांवर थापट्या मारून घेतल्या. एका म्हाताऱ्यानं तर वायरलाच दंडवत घातलं.

यादोराव मेश्राम गुरुजी मागच्या कपाटाला टेकून उभे होते. तीस वर्षं शाळेत शिकवताना त्यांनी असले बाबा किती पाहिले होते! पाण्यानं पेटणारा दिवा, नारळातून निघणारा धूर, सगळं त्यांनी वर्गात पोरांना स्वतः करून दाखवलं होतं. पण या पेटीची युक्ती त्यांना उकलत नव्हती. आणि खरं सांगायचं तर, गेले आठ दिवस ते घाबरलेले होते.

कारण त्यांची अकरा वर्षं त्या पेटीत होती. भाताचा रोवणा, म्हणजे लावणी, चालू असताना चिखलात उभं राहून, शेताच्या बांधावर बसून, त्यांनी गावोगावच्या म्हाताऱ्यांकडून धानाचे, तलावांचे, रानाचे शब्द गोळा केले होते. तीन हजारांवर शब्द, प्रत्येकापुढे सांगणारीचं नाव. त्यांतल्या बहुतेक बाया आता हयात नव्हत्या. मूळ वह्या वाळवीनं खाल्ल्या. उरलं ते त्या एका फाईलमध्ये, आणि घनश्याम "मशीन साफ" करून गेल्यापासून ती फाईल दिसतच नव्हती.

बाबांनी नेमकं तेच हेरलं होतं. "मास्तरनं मेलेल्या बायाईचे शब्द कोंडून ठेवले," त्यांनी गावाला सांगितलं. "मंग त्या बाया सुटतीन कशा? पेटी गावच्या तलावात शिरवा, मंगच शांती."

आज ती तलावात बुडवायचीच होती. बाहेर बैलबंडी उभी होती. पेटी बुडाली की तपासायला काही उरत नाही, चमत्कार तेवढा उरतो आणि बाबांना पुढच्या गावाचं आवतन येतं.

गुरुजींना सगळ्यात जास्त लागलं ते पंचफुलाचं. भाजीची टोपली घेऊन ती पुढच्याच रांगेत होती. तिची आई सत्यभामाबाई हिनं एकटीनं चारशे शब्द दिले होते. काल पंचफुला दारात येऊन म्हणाली होती, "गुरुजी, सोडा ना जी माह्या मायले. कायले तरसवता तिले?" गुरुजींना रात्रभर झोप लागली नाही.

"पेटी जायच्या आधी एकदा मलेही नमस्कार करू द्या," गुरुजी पुढे झाले.

बाबा खूश झाले. नास्तिक मास्तर वाकतोय, याहून मोठा विजय कोणता! "करा, करा. घनश्याम, चालू कर."

आकडे सुरू झाले. गुरुजी वाकले, आणि सदऱ्याच्या खिशातली चष्म्याची डबी घसरून धप्पकन कीबोर्डवर पडली.

आकडा गायब झाला. तीन ओळी तशाच स्थिर.

मोजणारं गाव पाचवर अडकून पडलं. गुरुजींनी डबीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"माह्या लिंबाचा असर बाकी होता," बाबा घाईनं म्हणाले.

"असं काय? मंग पुन्हा चालू कर रे घनश्याम." गुरुजींचा आवाज वर्गातला झाला होता. "पंचफुला, टोपलीतलं एक वांगं दे."

"वांगं?"

"दे त खरं."

संगणक चालू झाला. सातवर गुरुजींनी वांगं कळीवर टेकवलं. आकडा गायब. खिडकीत कुणीतरी फिसकन हसलं.

"आता बटाटा!" बाहेरून कुणी ओरडलं. बटाट्यानंही आत्मा थांबला. मग एकानं चप्पल पुढे केली. बाबा गरजले, "पाप लागन!" पाप काही लागलं नाही, आकडा तेवढा थांबला.

"आता तू," गुरुजी पंचफुलाला म्हणाले. "काहीच घेऊ नको. नुसतं बोट ठेव."

ती भेदरली होती. तरी तिनं बोट ठेवलं. सगळं थांबलं. ती बोटाकडे पाहतच राहिली, मग मान वळवून घनश्यामला म्हणाली, "मशीन त तूच साफ केली ना रे? तुले मालूम होतं?"

घनश्यामचा चेहरा उतरला. "एक जुनी सिस्टम होती, तिच्या बाजूले मी दुसरी बसवून देल्ली; जुनी शेवटच्या ओळीत हाये. काहीच नाई केलं त दहा सेकंदानं नवीवाली खुलते. कोणतीबी कळ दाबली का गिनती थांबते. मामाजीनं सांगतलं होतं, कोणाले सांगू नोको म्हून."

मामाजी म्हणजे बाबा. लिंबू तिथेच राहिलं आणि बाबा लघवीच्या निमित्तानं मागच्या दारानं गेले, ते परतलेच नाहीत.

गुरुजींनी बाणाची कळ दाबत शेवटची ओळ गाठली, एन्टर मारलं. ओळखीचा पडदा उघडला. कोपऱ्यात फाईल होती, जिथल्या तिथे. त्यांनी सत्यभामाबाईचं नाव शोधलं आणि मोठ्यानं वाचलं: "परहे. म्हणजे रोवण्यासाठी वाढवलेली धानाची रोपं. वापर: परहे उपटताना मुळाची माती धुवून घे वो पोरी, नाई त पेंढी तुलेच जड होईन."

"हे त माय मलेच म्हणत होती," पंचफुला म्हणाली आणि तिला रडू आलं. "मी नव्हती धूत. गुरुजी, आज मी माह्या मायले तलावात बुडवाले आली होती जी."

गावाला माना वर करवेनात. गुरुजींनी संगणक पुन्हा चालू केला, कळ दाबून तीन ओळी थांबवल्या आणि पडद्याच्या तळाशी बोट ठेवलं.

"इथं बारीक अक्षरात काय लिवलं हाये, आयका. 'बाणाच्या कळांनी हवी ती ओळ निवडा.' आठ दिवसांपासून हे इथंच हाये. मले इंग्रजी वाचता येते. तरी मी नाई वाचलं, काहून का मी भेवलो होतो. तुमी हात जोडून उभे, मी डोळे मिटून उभा, अन् तेही वाचनालयात! भेव वाटते त वाटू द्या, पण हात मोकळे ठेवा अन् समोर लिवलेलं वाचा. नाई समजलं त विचारा. विचारल्यानं कोणाचा देव बाटत नाई, अन् न विचारल्यानं आज आपल्या म्हाताऱ्यांचे तीन हजार शब्द पाण्यात गेले असते."